घराबाहेर पोर्ट्रेट काढायला वर्षातला कोणता काळ बरा? (आजी-आजोबांचे फोटो, वाईजवळ)

कृष्णाकाठची | ८ सप्टेंबर, रात्री ९:४०

मंडळी, मदत हवी आहे. आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन या वर्षी झालं, पण त्या दिवशीचे सगळे फोटो हॉलमधल्या ट्यूबलाइटखालचे आणि प्रत्येकाच्या हातात ताट. दोघांचे एकेकट्याचे आणि जोडीने असे शांतपणे काढलेले, घराबाहेरच्या उजेडातले चार चांगले फोटो हवे आहेत. भिंतीवर लावता येतील असे.

घर वाईजवळ, जुनं, दगडी जोत्याचं. पुढे ओसरी, अंगण, तुळशीवृंदावन, मागे ऊस. कॅमेरा माझा आहे, ५० मिमी एफ/१.८ लेन्स आणि एक किटची (कॅमेऱ्यासोबत आलेली) लेन्स. म्हणजे फोटोग्राफर बोलवायचा की मीच काढायचे हेही ठरलेलं नाही. भाऊ लंडनजवळ असतो, त्याला सुट्टी दिवाळीत किंवा जानेवारीच्या मध्यात मिळेल. आई म्हणते मे महिन्यात सगळी भावंडं जमतात, तेव्हाच काढा.

आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, उन्हात डोळे बारीक करते. आजोबांना फार चालवत नाही.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. (शब्दशः.)

खवचटखान | ८ सप्टेंबर, रात्री १०:०२

प्रकाश टाकायला फ्लॅश मिळतो हो बाजारात.

चिंब | ८ सप्टेंबर, रात्री १०:३१

सुट्टीचं सोडा, मी म्हणेन पाऊस! आषाढात आभाळ भरलेलं असतं तेव्हा आख्खं आकाशच पांढरी चादर होतं. नाकाखाली सावली नाही, डोळ्यांच्या खोबणी काळ्या नाहीत, कुणी डोळे मिचकावत नाही. वारीतले म्हाताऱ्या वारकऱ्यांचे चेहरे आठवा. ते फोटो इतके छान का येतात? सुरकुत्या आणि गंध यांचं श्रेय आहेच, पण अर्धं श्रेय त्या ढगाळ उजेडाचं. तीच माणसं चैत्री वारीला दुपारी बाराच्या उन्हात काढून बघा.

सप्टेंबर आहे, अजून हिरवं आहे. उद्याच निघा. तेरडा-सोनकी फुललेली असेल. नाहीतर सरळ कासला न्या दोघांना.

जुनाजाणता | ९ सप्टेंबर, सकाळी ७:१५

कासला नेऊ नका. एक तर हंगामात तिथे रोजच्या माणसांवर मर्यादा आणि आधी नोंदणी, त्यात आजोबांना चालवत नाही म्हणताय. आणि फुलांत बसवून फोटो काढायचा तर फुलं तुडवली जातात, त्यासाठीच तिथे राखण ठेवावी लागते. ऐंशीच्या माणसाला फुलांची गरजही नसते, चेहऱ्यावर पुष्कळ असतं.

ताई, महिना विचारण्याआधी एक सांगा, ओसरीचं तोंड कुठल्या दिशेला?

कृष्णाकाठची | ९ सप्टेंबर, सकाळी ९:०५

पूर्वेला. सकाळी चुलीपर्यंत ऊन येतं, असं आजी सांगते. आता चूल नाही, पण ऊन येतं.

जुनाजाणता | ९ सप्टेंबर, दुपारी १:२०

मग अर्धं काम झालं. मी पस्तीस वर्षं स्टुडिओ चालवला, त्यातली निम्मी फिल्मवर. आमच्या आधीच्या पिढीत, वीज नव्हती तेव्हा, स्टुडिओला उत्तरेकडून काचा असत. कारण एकच: थेट ऊन आत यायला नको, आकाशाचा उजेड मात्र भरपूर यायला हवा. तुमच्या पूर्वेच्या ओसरीत दुपारी तीननंतर नेमकं तेच होतं. सूर्य घरामागे जातो, ओसरी सावलीत, समोर अंगण आणि उघडं आकाश. आजीला जोत्याच्या कडेपासून दोन-तीन फूट आत बसवा, तोंड अंगणाकडे. फार आत नेलंत तर उजेड कमी पडतो आणि चेहरा मळकट दिसतो. अगदी कडेला आणलंत तर उजेड वरून येऊन कपाळ चकाकतं. मधे कुठेतरी डोळ्यांत अंगणाचा पांढरा चौकोन दिसू लागतो, तिथे थांबा.

हे बाराही महिने मिळतं. म्हणून मी महिन्याच्या मागे कधी लागलो नाही. महिना बदलतो तो मागचा देखावा, अंगावरचे कपडे आणि माणसाचा जीव किती सुखात आहे तो.

आणि चिंबराव, ढगाळ उजेड मऊ असतो हे मान्य. पण पावसाळ्यात गवतात बसवलेल्या माणसाची हनुवटी बघितलीय का कधी? खालून हिरवा उजेड उसळतो आणि गळा, जबडा सगळं शेवाळल्यासारखं. गोऱ्या माणसाला लगेच दिसतं, सावळ्याला उशिरा, पण दिसतं. रंग सुधारायला गेलं की गाल लाल होतात. मी अशा वेळी पायाशी पांढरं धोतर पसरायचो.

चिंब | ९ सप्टेंबर, दुपारी २:१०

धोतराची आयडिया वाखुसा (वाचनखूण साठवली). हिरव्या हनुवटीचा मुद्दा मान्य. पण छत्रीबद्दल सांगतो, कुणी पावसात काढणार असेल तर: काळी छत्री उजेड खाते, लाल-निळी छत्री तोंड लाल-निळं करते. पांढरी किंवा पारदर्शक घ्या.

सावलीमोज्या | ९ सप्टेंबर, रात्री ११:४८

थोडं आकाशाकडून बघू. मी फोटोग्राफर नाही, मला सावल्या मोजायचं वेड आहे.

वाई साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर. म्हणजे मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला भरदुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. पुन्हा जुलैअखेरीला येतो, पण तेव्हा ढगांमुळे कुणाला पत्ता लागत नाही. या दोन तारखांच्या मधे दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. (जुनाजाणता, त्या उत्तरेच्या काचांतून तेव्हा ऊन येत असणार!) डिसेंबरच्या उत्तरार्धात मात्र भरदुपारीही सूर्य ४८-४९ अंशांच्या वर चढत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ: मेच्या मध्यावर सकाळी ८ ला सूर्य जेवढा वर आलेला असतो, तेवढाच वर यायला डिसेंबरअखेरीला सव्वानऊ वाजतात. मेमध्ये आजी-आजोबांना सातच्या आत तयार करून बसवावं लागेल. हिवाळ्यात चहा-नाश्ता करून सावकाश बाहेर आलात तरी चालेल.

तुमच्या भावाला एक सांगून ठेवा. इंग्लंडमध्ये सूर्य तिरका उतरतो, आपल्याकडे जवळजवळ सरळ खाली पडतो. विषुवदिनाच्या सुमाराला क्षितिजावरचे शेवटचे ६ अंश उतरायला लंडनला जवळपास ४० मिनिटं लागतात, वाईला २५. ‘सोनेरी तास’ (सूर्यास्ताआधीचा मऊ, सोनेरी उजेड) हा शब्द तिकडचा. आपल्याकडे तो अर्धा तासच धरायचा. चूभूद्याघ्या.

खवचटखान | १० सप्टेंबर, सकाळी ८:१२

आपल्याकडे सगळंच अर्ध्या तासात उरकतात. लग्नाचा मुहूर्त सोडून.

टेम्सकाठी | १० सप्टेंबर, दुपारी ४:३०

सावलीमोज्यांशी सहमत. इथे २१ जूनच्या आसपास सूर्य रात्री नऊ-वीसला मावळतो आणि त्याआधीचा तासभर नुसतं मध सांडल्यासारखं असतं. त्या सवयीने मी गेल्या वेळी सांगलीला आईबाबांचे फोटो काढायला निवांत निघालो, त्यांच्यासोबत रस्त्यात भेळ खाल्ली आणि नदीवर पोचेपर्यंत दिवा विझवल्यासारखा अंधार. इथल्या डिसेंबरचं मात्र कौतुक करू नका, चारच्या आत सूर्यास्त. आणि तोही ढग असले तर कळत नाही.

वऱ्हाडी_ठेचा | १० सप्टेंबर, रात्री ८:५५

पुण्या-साताऱ्याची घड्याळं आमच्याकडं चालत नाहीत भाऊ. नागपूर तुमच्या पूर्वेला, सूर्य सरासरी वीस-एकवीस मिनिटं आधीच मावळते. डिसेंबरात साडेपाच म्हणजे खेळ खलास. नेटवर कोणी ‘पाच ते सहा बेस्ट’ लिहिलं तं नागपूरकरानं त्यातून वीस मिनिटं वजा करावी.

मे महिन्याचं तं नावच काढू नका. पारा ४५ च्या घरात, म्हाताऱ्या माणसाला बाहेर बसवणं म्हणजे फोटो नाही, दवाखाना. आमच्याकडं दोन काळ. एक नोव्हेंबर-डिसेंबर, कापूस फुटलेला असते, पांढऱ्या बोंडांच्या रानात माणूस उभा केला की खालून उजेड फुकट. दुसरा फेब्रुवारीअखेर ते होळी, पळस. झाडावर एक पान नाही अन् सगळं केशरी. पण पळसासमोर लाल लुगडं नेसवू नका. माझ्या मोठ्या आईला नेसवलं, फोटोत फक्त तोंड अन् हात तरंगताना दिसते.

माडाखाली | ११ सप्टेंबर, सकाळी १०:४०

कोकणातून: माडाखाली कधीही पोर्ट्रेट काढू नये, माझं नाव असलं तरी. झावळ्यांच्या फटींतून पट्टे पडतात, माणूस झेब्रा दिसतो. ढग असेल तरच.

आणि एसी गाडीतून कॅमेरा काढून लगेच टोपण उघडू नका. इथल्या दमट हवेत लेन्सवर धुकं धरतं. बॅग बंद ठेवूनच अर्धा तास बाहेर ठेवायची, मग काढायचा. दोन पाहुण्यांचा सूर्यास्त असा पुसण्यात गेलेला पाहिलाय.

कृष्णाकाठची | १२ सप्टेंबर, रात्री ९:१८

धन्यवाद सगळ्यांना. मे आईसकट बाद. आता दिवाळी की जानेवारी एवढंच उरलं. भाऊ म्हणतो पाऊस संपल्यावर आभाळ सगळ्यात स्वच्छ असतं तेव्हा काढूया, म्हणजे दिवाळी.

जुनाजाणता | १३ सप्टेंबर, सकाळी ७:०५

भावाचं आभाळाबद्दल बरोबर, फोटोबद्दल नाही. पाऊस परतल्यावर हवा धुतलेली असते. डोंगराचे, किल्ल्याचे फोटो काढायला तो काळ सोन्याचा. पण स्वच्छ हवेतलं ऊन सुरीसारखं असतं. उजेड आणि सावलीत फार अंतर, एका गालावर दुपार आणि दुसऱ्यावर रात्र. त्यात ऑक्टोबरचा उकाडा, आजीचं कुंकू ओघळणार, आजोबांचं टक्कल चमकणार. दिवाळी नोव्हेंबरात आली तर जरा बरं.

जानेवारीत हवेत बारीक धूसरपणा असतो. डोंगर फिके दिसतात, लोक नाक मुरडतात. पण माणसाच्या मागे फिका डोंगर म्हणजे चांगलंच की, चेहरा पुढे येतो. आणि ऊनही गाळून येतं. तोटा एकच, त्वचा पांढुरकी फुटते. थंडीत तळहाताला खोबरेल लावतात ते आधी हातांना लावा, चेहऱ्याला अगदी बोट फिरवल्यापुरतं, नाहीतर चकाकेल. हात विसरू नका. म्हाताऱ्या माणसाचा फोटो निम्मा हातांचा असतो.

अजून एक व्यवहाराची गोष्ट. तुळशीचं लग्न झालं की फोटोग्राफर हाती लागत नाहीत, सगळे लग्नांत आणि लग्नाआधीच्या शूटमध्ये. पौषात लग्नं नसतात. तेव्हा तोच माणूस तुम्हाला आख्खा दिवस देईल आणि घासाघीसही ऐकून घेईल. माझी निम्मी घरगुती कामं पौषातली.

चिंब | १३ सप्टेंबर, सकाळी ९:३०

पौषाला ‘भाकड’ म्हणणाऱ्यांना हे दाखवायला हवं.

सावलीमोज्या | १३ सप्टेंबर, रात्री ११:२०

वाईकरांसाठी खास: पंचांगातला सूर्यास्त सपाट क्षितिजाचा असतो. तुमच्या पश्चिमेला पसरणीचा घाट आणि पाचगणी. हिवाळ्यात सूर्य त्याच अंगाला, नैर्ऋत्येकडे झुकून मावळतो. म्हणजे डोंगराआड पंधरा-वीस मिनिटं आधीच जाणार, डोंगर किती जवळ त्यावर अवलंबून. आदल्या दिवशी जाऊन घड्याळ लावून बघा.

कृष्णाकाठची | १४ सप्टेंबर, सकाळी १०:१०

जानेवारी पक्का. संक्रांतीच्या आसपास. आजीकडे काळी चंद्रकळा आहे, पन्नास वर्षांपूर्वीची, ती नेसायला तयार आहे. मागच्या उसाला तोवर तुरे आलेले असतील, संध्याकाळचं ऊन तुऱ्यांमागून येतं तेव्हा ते चांदीसारखे दिसतात. डोक्यात फोटो तयार आहे!

जुनाजाणता | १४ सप्टेंबर, दुपारी १२:४५

काळं लुगडं, पांढरे केस. कॅमेरा लुगड्याला बघून फसतो आणि सगळं उजळ करायला जातो, केस जळतात, म्हणजे नुसता पांढरा डाग उरतो. उजेड चेहऱ्यावरूनच मोजा, गरज वाटली तर थोडा कमी करा. आजोबांचं पांढरं धोतर-टोपी असेल तर नेमकं उलटं, तिथे कॅमेरा चेहरा काळवंडवतो. जोडीचा फोटो सगळ्यात अवघड. त्यासाठी तुमची ओसरी.

एफ/१.८ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडून, दोघांना काढू नका. एकाचा डोळा स्पष्ट, दुसऱ्याचा गेला, असं होतं. एफ/४ ठेवा.

---

कृष्णाकाठची | १९ जानेवारी, रात्री १०:०५

धागा वर काढते आहे. झाले फोटो! सविस्तर लिहिते, कारण निम्मं ठरवल्याप्रमाणे झालं नाही.

आधी तारीख. आम्ही संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं होतं. आजीने आदल्या रात्री विचारलं, “उद्या करीचा दिवस ना गं?” संपलं. किंक्रांतीला फोटो नाही. इतक्या हुशार लोकांनी इतकं आकाश मोजलं आणि हे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यामुळे १६ ला.

ऊस. ताई (म्हणजे मीच) गेल्या तुऱ्यांचे फोटो काढायला, तर कारखान्याची टोळी चार दिवसांपूर्वीच फड तोडून गेलेली. नुसतं पाचट. वाड्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं, मला कुणी विचारावंसं वाटलं नाही की तुला तो ऊस उभा हवाय का. ज्यांना उसाच्या तुऱ्यांत काढायचंय त्यांनी तोडणीची तारीख आधी विचारा, सूर्यास्ताची नंतर.

सकाळी सातला नदीकडून धुकं. आजोबा स्वेटर, मफलर, कानटोपीत. कानटोपी काढा म्हटलं तर “तू ऐंशीची हो, मग काढायला सांग”. साडेआठला धुकं विरलं, छान मऊ ऊन. आणि इथे सगळ्यात मोठा घोळ. आजीचा चष्मा उन्हात काळा होणारा! रोज बघतो आम्ही, पण फोटोच्या दृष्टीने कधी बघितलंच नव्हतं. ऊन लागताच दोन मिनिटांत गॉगल. सावलीत आणलं तरी उतरेना. भावाने शोधून वाचलं की या काचा थंडीत जास्त काळ्या होतात आणि उतरायलाही जास्त वेळ घेतात. म्हणजे ज्या थंडीसाठी जानेवारी घेतला तीच नडली. चष्म्याशिवाय आजी आजी वाटत नाही. शेवटी कपाटातून ऑपरेशनच्या आधीचा साध्या काचांचा चष्मा काढला. नंबर चुकीचा, पण बघायचं आम्हाला होतं, तिला नाही.

दुपारी साडेतीन ते पाच ओसरी. जुनाजाणता काका, तुम्हाला वाईला आलात की जेवायला यावंच लागेल. जोत्यापासून अडीच फूट आत, आजीच्या डोळ्यांत अंगणाचा चौकोन. जोडीचे फोटो सगळे तिथलेच, एफ/४ ला. भिंतीच्या चुन्यामुळे आजोबांच्या सावलीतल्या गालालाही उजेड मिळाला. सव्वापाचला आम्ही अंगणात आलो, घड्याळात सूर्यास्त सहा-वीसचा, आणि सहाला ऊन तुळशीवरून उठून गेलं. सावलीमोज्या, नमस्कार.

आता भिंतीवर जो लागणार तो फोटो. तो यातला कुठलाच नाही. दुसऱ्या दिवशी, १७ ला सकाळी दहाच्या सुमाराला आजोबा अंगणात उन्हात बसून दाढी करत होते. आरसा तुळशीवृंदावनाला टेकवलेला. आरशातून उसळलेला उन्हाचा तुकडा त्यांच्या साबण लावलेल्या गालावर, आणि मागे ओसरीत आजी तांदूळ निवडत त्यांच्याकडे बघत होती. ऊन कडक, आजोबांचं कपाळ उडालंय (नुसतं पांढरं), आजी धूसर. घरातल्या सगळ्यांनी तोच निवडला. भाऊ तर तो लंडनला घेऊन गेला.

वऱ्हाडी_ठेचा | १९ जानेवारी, रात्री १०:४०

एक नंबर! आरसा म्हणजे रिफ्लेक्टरच झाला की. मी होळीच्या आधी मोठ्या आईला पळसाखाली पुन्हा बसवणार, आता पांढऱ्या लुगड्यात. आरसा सोबत नेतो.

जुनाजाणता | २० जानेवारी, सकाळी ६:५०

कपाळ उडालं तर उडू द्या. छापताना मॅट कागद घ्या, चकाकी कमी जाणवते. जेवायला येतो, पण हुरडा असेपर्यंतच.

माडाखाली | २० जानेवारी, सकाळी ११:१५

चष्म्याची गोष्ट वाचून आत्ताच बाबांचा चष्मा उन्हात धरून बघितला. काळा झाला. मेलो.

खवचटखान | २० जानेवारी, दुपारी १:३०

ते सगळं ठीक. आजोबांच्या दाढीचं काय झालं?

कृष्णाकाठची | २० जानेवारी, दुपारी २:०५

एक गाल तसाच राहिला. माझं काढून होईपर्यंत तांब्यातलं पाणी गार झालं आणि मला अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा शिव्या बसल्या.